पाटाच्या कडेला उगवलेलं हे पिवळं फूल डँडेलियनच आहे का? (नाशिक, मखमलाबाद)

पाटाकाठची

नमस्कार मंडळी, ओळख हवी आहे आणि जरा घाई आहे. आम्ही मखमलाबादच्या बाजूला राहतो, सकाळी मी पाटाच्या कडेनं चालायला जाते तर सध्या तिथे जमिनीलगत पिवळी फुलं भरपूर आलीयेत. शर्टाच्या बटणापेक्षा थोडं मोठं फूल, एकदम पिवळंजर्द, पाकळ्या गच्च, मधे सूर्यफुलासारखी वेगळी चकती अशी नाहीच, आणि फूल जुनं झालं की त्याची पांढरी म्हातारी होऊन वाऱ्यावर उडते. फोनमधल्या एका अ‍ॅपवर फोटो टाकला तर थेट 'कॉमन डँडेलियन' असं उत्तर आलं.

इथपर्यंत ठीक होतं पण तो फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि एका काकांनी लगेच लिहिलं की याच्या मुळांचा चहा लिव्हरला उत्तम, दुकानात केवढा महाग मिळतो आणि इथे फुकट उगवलाय. आता रविवारी काही जण खुरपी घेऊन मुळं काढायला निघालेत. आमच्या घरीही सासूबाईंना तो चहा द्यायचं घाटतंय, त्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत, आणि झाड नक्की कोणतं हे कळल्याशिवाय मला त्यांना काहीही द्यायचं नाहीये.

तर हे खरंच डँडेलियन आहे का, नसेल तर काय आहे, आणि आपल्या आपल्याला कसं ओळखायचं हे कुणी समजावून सांगेल का? अजून एक, काल दुपारी जेवणानंतर नीट फोटो काढायला म्हणून गेले तर एकही फूल उघडं नव्हतं, सगळी मिटलेली. हे पण ओळखायला उपयोगी पडत असेल तर सांगते.

डोंगरवाटा

एकदांडी तर नाही ना ताई? नाशिकमधे रस्त्याच्या कडेला, गच्चीच्या भेगेत, बांधावर सगळीकडे एकदांडी असते, लहानपणी खरचटलं की तिचाच पाला चोळून लावायचे. लांब केसाळ दांडा आणि टोकाला एकच फूल. तिचीही म्हातारी उडते.

रानफुलं_शिक्षक

एकदांडी नसावी, कारण ताईंनी लिहिलंय की मधे चकती नाही. एकदांडीला मधे पिवळा गोंडा असतो आणि कडेनं मोजक्या चार-पाच फिकट पांढरट पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला खाच. शिवाय एकदांडीचा दांडा मोडला तर चीक येत नाही. दुरून दोन्ही बुटकी पिवळी दिसतात पण जवळून घोटाळा व्हायचं कारण नाही.

ताई, तुम्ही थांबलात हे फार बरं केलंत. फक्त वरून काढलेल्या फुलाच्या फोटोवर या गटातली ओळख होतच नाही, माणसालाही नाही आणि अ‍ॅपलाही नाही, कारण पाथरी, डँडेलियन, सोंकस या सगळ्यांची फुलं वरून जवळपास सारखीच दिसतात. फरक सगळा खाली आहे, दांड्यात, पानात आणि बीमधे. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत जा आणि हे बघून या.

सगळ्यात आधी दांडा. डँडेलियनचा दांडा मुळाजवळच्या पानांच्या झुबक्यातून सरळ वर येतो, त्याला एकही पान नसतं, एकही फांदी नसते, आतून नळीसारखा पोकळ, आणि टोकाला एकच फूल. तुमच्या झाडाच्या दांड्याला फांद्या फुटून एकावर बरीच फुलं आणि कळ्या दिसल्या तर डँडेलियनचा विषय तिथेच संपला. बाकी काही नाही बघितलं तरी चालेल, एवढं बघाच.

मग फुलाच्या खालचा हिरवा पेला. डँडेलियनमधे त्याची बाहेरची हिरवी पाती खाली वळलेली असतात. पानं कुठे आहेत तेही बघा, सगळी जमिनीलगत चक्रासारखी पसरलीयेत की दांड्यावरही चढत गेलीयेत, आणि दांड्यावर असतील तर पानाचा खालचा भाग दांड्याला कानासारखा मिठी मारतो का. पानाच्या कडेवरून हलकेच बोट फिरवा. शेवटी म्हातारी. एक बी चिमटीत धरून बघा, केसांची छत्री थेट बीवर बसलीय की मधे एक लांब बारीक काडी आहे. डँडेलियनला ती काडी असते.

दांडा मोडल्यावर पांढरा चीक येणारच, पण तेवढ्यावरून काही ठरत नाही, या अख्ख्या गटाला चीक असतो. सॅलडमधलं लेट्यूस याच गटातलं, आणि फिल्टर कॉफीत मिसळतात ती चिकोरी म्हणजे कासनीही यांची चुलत बहीण, तिचं फूल मात्र निळं.

आणि एक गंमत म्हणून बघाच, फुलातली एक 'पाकळी' हळूच उपटून घ्या, साधं भिंग असेल तर उत्तम. तिच्या टोकाला पाच बारीक दाते दिसतील. ती पाकळी नाहीच मुळी, ते एक पूर्ण फूल आहे, पाच पाकळ्या चिकटून एक पट्टी झालेली, खाली स्वतःचा बीजकोश, मधे परागकणांची नळी आणि त्यातून बाहेर आलेली दुभंगलेली पिवळी जीभ. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अशा कितीतरी फुलांचा गुच्छ असतो, म्हणून तर एका 'फुला'तून एवढ्या म्हाताऱ्या निघतात. माझ्या वर्गातली मुलं हे पहिल्यांदा बघतात तेव्हा भिंग सोडायला तयार नसतात.

पाटाकाठची

सर खूप आभार, आज सकाळीच जाऊन आले, मुलीचं भिंगही नेलं होतं. जे दिसलं ते तसंच्या तसं लिहिते.

पानांचा झुबका जमिनीलगतच आहे, मुळ्याच्या पानासारखी लांबट आणि कडेला खोल कापलेली पानं, टोकाचा भाग रुंद. झुबक्यातून दांडे निघतात पण सरळ वर जात नाहीत, काही तर जमिनीवर आडवेच पसरलेत आणि टोकाकडे वर उठलेत. दांड्याला फांद्या आहेत!! एका दांड्यावर उघडलेली फुलं, मिटलेली, कळ्या आणि म्हातारी झालेली, सगळं एकाच वेळी. दांड्यावर पानं जवळजवळ नाहीतच, फांदी फुटते तिथे एखादं छोटंसं, आणि कान वगैरे काही नाही. फुलाखालचा पेला लांबट नळीसारखा आहे, त्याच्या हिरव्या पात्यांना पांढरी पातळ किनार आहे, खाली वळलेलं एकही पातं दिसलं नाही. पानाच्या कडेवरून बोट फिरवलं तर काटे नाहीत पण खरखरीत लागतं, भिंगातून बघितलं तर पूर्ण कडेनं पांढरे बारीक बारीक दाते, अगदी कुणी ओळीनं टोचून ठेवल्यासारखे. चीक भरपूर, बोटांना चिकटला आणि थोड्या वेळानं तपकिरी झाला. आणि बी काळपट-करडं, छोटं, पांढरे मऊ रेशमी केस थेट बीच्या डोक्यावर, मधे काडी नाही, नुसतं बोट लागलं की केस गळून पडतात.

आणि हो, पाच दाते दिसले. मुलगी अजून त्यातच आहे.

रानफुलं_शिक्षक

इतकं नीट बघून लिहिलंत की आता फोटोची गरजच राहिली नाही. ही पाथरी. शास्त्रीय नाव लाउनिया प्रोकम्बेन्स. फांद्या फुटलेले पसरट दांडे, पेल्याच्या पात्यांना पांढरी किनार, पानाच्या कडेचे पांढरे दाते आणि बीवर थेट बसलेले गळके केस, हे चारही एकत्र जुळले की दुसरा पर्याय राहत नाही. आणि जागाही तिचीच, पाटाची कड, शेताचा बांध, भाजीचा मळा, थोडी ओल धरून ठेवणारी जमीन तिला आवडते. दुपारी फुलं मिटण्याचं म्हणाल तर ती या गटाचीच सवय, ऊन चढलं की मिटतात, म्हणून त्यावरून ही कुठली ते नाही ठरवता येत, पण फोटो काढायचा तर सकाळीच जायचं एवढं कळतं.

सोंकस का नाही तेही सांगतो, कारण तुमच्याच पाटावर तोही सापडेल. सोंकस उभा वाढतो, गुडघ्याच्याही वर जातो, दांडा जाड आणि पोकळ, त्यावर पानं चढत जातात आणि प्रत्येक पान दांड्याला कानांनी धरून असतं. सोंकस ओलेरेशियसचे कान टोकदार असतात, सोंकस अ‍ॅस्परचे गोल वळलेले आणि पानं चांगली काटेरी. गावाकडे कित्येक जण त्यालाही पाथरीच म्हणतात, त्यामुळे कुणी 'पाथरी' म्हणून काही हातात दिलं तर झाड बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खरा डँडेलियन, टॅराक्सॅकम, थंड हवेचा. भारतात तो हिमालयात बघायचा. नाशिकच्या पाटावर आपोआप उगवलेलं जे काही डँडेलियनसारखं दिसेल ते आधी पाथरी किंवा सोंकस धरून चला आणि मग तपासा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं १९९१ मधे नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवर अख्खं पुस्तक काढलंय, कॉलेजच्या ग्रंथालयात मिळालं तर जरूर चाळा.

द्राक्षबाग_निफाड

आहो ही तर आमची रोजची पाथरी. दोन ओळींच्या मधे हिवाळ्यात नुसती माजते. आमच्या आईला विचारा, ती बागेतून येताना पदरात घेऊनच येते. फूल यायच्या आधीची कोवळी पानं घ्यायची, धुवायची, आणि बाजरीच्या भाकरीबरोबर कच्चीच खायची, बरोबर मिरचीचा ठेचा नाहीतर पिठलं. कडसर लागते थोडी पण तोंडाला चव येते. मुगाची डाळ घालून परतली तर कडूपणा कमी होतो, वर लसणाची फोडणी चांगली सढळ हातानं द्यायची. फूल आल्यावर पानं फार कडू होतात आणि चरचरीत, मग ती गाईला. दुभत्या गाईला पाथरी घातली की दूध वाढतं असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात, आणि गाय खाते मात्र आवडीनं हे मी रोज बघतो.

पण ताई एक गोष्ट अगदी हात जोडून सांगतो. पाथरी कुठून काढताय ते बघा. आम्ही खायची पाथरी वेगळ्या वाफ्यात राखतो जिथे फवारा जात नाही. द्राक्षाच्या बागेत छाटणीनंतर बुरशीनाशकाचे फवारे चालू असतात, बांधावर तणनाशक मारतात, आणि तणनाशक मारल्यावर लगेच झाड वाळत नाही, काही दिवस हिरवंगारच दिसतं. बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नाही. पाटाच्या कडेला पण तेच, कोण कधी काय मारून गेलं काय माहीत, वर कुत्री, गुरं, आणि पाटात काय काय सोडतात ते वेगळंच. ज्या जागेची माहिती नाही तिथली पाथरी कितीही कोवळी दिसली तरी ताटात घेऊ नका.

बर्फाकडे_होतो

नोकरीनिमित्त श्रीनगरला राहिलोय म्हणून खऱ्या डँडेलियनबद्दल थोडं. तिकडे त्याला हंद म्हणतात, बर्फ वितळलं की बायका टोपल्या घेऊन शेताच्या कडेला बसलेल्या दिसतात, कोवळी पानं खुडतात, भाजी करतात, उरलेली वाळवून थंडीसाठी ठेवतात, बाळंतिणीलाही देतात. सरांनी लिहिलंय तसंच, एका नळीवर एकच फूल आणि ते चांगलं मोठं, पाथरीच्या दुप्पट तरी. त्याची म्हातारी झाली की पूर्ण गोल चेंडू होतो. एकदा ते बघितलं की पाथरीला डँडेलियन म्हणणार नाही कुणी.

औषधदुकान_पंचवटी

चहाच्या मुद्द्यावर लिहितो कारण दुकानात असे प्रश्न रोज येतात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका.

पहिली, जे काही लिव्हरबिव्हरचं सांगितलं जातं ते डँडेलियनबद्दल. तुमच्याकडे आहे ती पाथरी. गट एक असला तरी झाड वेगळं, एकाचे गुण दुसऱ्याला लावता येत नाहीत, आणि पाथरीची कोवळी पानं लोक भाजी म्हणून खातात यावरून तिच्या मुळाचा उकळून काढा रोज प्यावा असं काही निघत नाही.

दुसरी, उद्या कुणी खरी डँडेलियनची पाकिटं आणली तरी सासूबाईंना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. डँडेलियन परंपरेनं लघवी वाढवण्यासाठी वापरतात. बीपीच्या काही गोळ्यांमधे लघवी वाढवणारं औषध आधीच असतं, आणि त्यात शरीरातल्या पोटॅशियमचा तोल सांभाळावा लागतो. वर आणखी काहीतरी प्यायला लागलं की तो बिघडू शकतो. वयस्कर माणसाला चक्कर येऊन पडायला एवढं पुरतं. गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा.

डोंगरवाटा

मस्त धागा झाला. एक उपप्रश्न टाकतो. गणपतीच्या आसपास अंजनेरीला, ब्रह्मगिरीला गेलं की उतारच्या उतार पिवळे असतात, ते पण याच गटातलं का? आणि पेठकडे जाताना शेतंच्या शेतं पिवळी दिसतात ती?

रानफुलं_शिक्षक

उतारावरची पिवळी चादर बहुतेक वेळा सोनकी, सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस. सूर्यफुलाच्याच मोठ्या कुळातली पण पाथरीच्या गटातली नाही, जवळून बघा, मधे चकती आणि कडेनं पाकळ्या असे दोन प्रकार स्पष्ट दिसतात, चीक नाही. तिच्यात मधेच कवला मिसळलेला असतो, तो वाटाण्याच्या कुळातला, फूल वेगळंच, पिवळ्या पाकळीवर दोन तांबडे ठिपके.

पेठ-सुरगाण्याकडची पिवळी शेतं म्हणजे खुरासणी, काही जण कारळा म्हणतात, तेलबी आहे, तिच्या चटणीची चव घेतली नसेल तर घ्या. पावसाळा सरताना ती फुलते. म्हणजे डोंगरावर आपोआप आलेली सोनकी आणि खाली पेरलेली खुरासणी, काळ जवळपास एकच.

अंजनेरीला जाल तर एक विनंती. पायवाट सोडून सड्यावर फिरू नका आणि फोटोसाठी फुलांत बसू नका. तिथे कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, तिला त्या डोंगराचंच नाव दिलंय, इतकी ती तिथली. झाड वीतभर उंचीचं, फूल नसताना गवतात दिसतही नाही, बुटाखाली गेलं तर कळणारही नाही.

पाटाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रुपवर दांड्याचा फोटो टाकला, फांद्यांवर गोल करून, आणि खाली दादांचं फवाऱ्याचं आणि दुकानवाल्या भाऊंचं गोळ्यांचं दोन्ही लिहिलं. काकांनी स्वतः जाऊन बघितलं आणि रविवारचं खुरप्याचं रद्द केलं. सासूबाई तर म्हणाल्या की अगं पाथरी होय, सिन्नरला माहेरी आम्ही शेंगदाण्याचं कूट लावून खायचो, आधी नाव सांगितलं असतंस तर. आता त्यांना ती खायचीय, आणि पाटाची तर द्यायची नाही. निफाडच्या दादा, कुंडीत येईल का हो? बी माझ्याकडे भरपूर आहे.

द्राक्षबाग_निफाड

येईल की, न येऊन सांगते कुणाला. मूळ खोल जातं म्हणून कुंडी उथळ नको, जुनी बादली असेल तर खाली भोकं पाडून घ्या. माती फार भुसभुशीत करायची गरज नाही, शेणखत थोडंच. बी खोल पुरू नका, वर नुसतं भुरभुरवून हातानं दाबा आणि झारीनं पाणी द्या, पाईपनं दिलं तर सगळं एका कोपऱ्यात जाऊन बसतं. केस काढून टाका नाहीतर वाऱ्यानं शेजारच्या गच्चीत उगवेल. रोपं दाट झाली की विरळ करा, काढलेली टाकू नका, तीच पहिली भाजी. पानं बाहेरच्या बाजूनं खुडत राहा आणि मधला झुबका राखा, म्हणजे परत परत फुटते. कूट लावून कशी करतात ते सासूबाईंना विचारून इथे टाका, आमच्याकडे डाळच घालतात, आईला दाखवतो.